दीडपट वेगाने पाहिलेल्या ॲनिमेवर मत कसे द्यावे?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वाचक सध्या कोणत्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका पाहत आहेत आणि त्यांविषयी त्यांचे मत काय, हे विचारून आपण पुरवणीत जी पत्रे छापत आहात, ती मी नियमाने वाचते. ज्या मालिकांची 'मुलांची कार्टून' म्हणून इतकी वर्षे बोळवण झाली, त्यांच्याविषयी मोठी माणसे गांभीर्याने लिहू लागली आहेत, ही मला मनापासून मोलाची गोष्ट वाटते. म्हणूनच मागील अंकातील एका पत्राला उत्तर देणे आवश्यक वाटले. मालिका संथ वाटू लागली की ती दीडपट वेगाने पाहावी, शीर्षकगीते गाळावीत आणि संवाद नसलेली दृश्ये पुढे सरकवावीत, म्हणजे अख्खे पर्व एका बैठकीत उरकते, असा सल्ला त्या पत्रलेखकांनी दिला आहे. त्याच पत्रात पुढे त्यांनी 'फ्रीरेन' या मालिकेला 'काहीही न घडणारी' म्हटले असून दहापैकी चार गुण दिले आहेत.

कोणी कोणती मालिका कोणत्या वेगाने पाहावी, यात इतरांनी पडण्याचे कारण नाही. परंतु तशा पाहण्यावरून मत बनवून ते छापण्यासाठी पाठवले जाते, तेव्हा ते तपासून पाहण्याचा हक्क इतर वाचकांना मिळतो. माझे म्हणणे असे आहे की, ॲनिमे मालिकेतला वेळ हा कथानकाइतक्याच विचाराने घडवलेला असतो. तो मोडून पाहिले की आपण वेगळीच मालिका पाहिलेली असते, आणि तिच्यावरचे मत मूळ मालिकेला लागू पडत नाही. मी सध्या ज्या मालिका पाहते आहे त्यांच्याच आधाराने हे मांडते.

आरंभ 'फ्रीरेन'पासूनच करते. कानेहितो यामादा यांनी लिहिलेली आणि त्सुकासा आबे यांनी चितारलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०२० साली 'शोनेन संडे' साप्ताहिकात सुरू झाली. मॅडहाउस स्टुडिओने तिची मालिका केली आणि केइइचिरो साइतो यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे २८ भागांचे पहिले पर्व सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात प्रसारित झाले. कथा जिथे सुरू होते तिथे इतर साहसकथा संपतात. दहा वर्षांचा प्रवास करून, असुरराजाला मारून चार सोबती राजधानीत परत आले आहेत: हिमेल हा वीर, हाइटर हा धर्मगुरू, आयझेन हा बुटका योद्धा आणि फ्रीरेन ही एल्फ या दीर्घायुषी जातीची जादूगार. फ्रीरेनचे वय हजार वर्षांहून अधिक आहे, त्यामुळे दहा वर्षे तिच्या हिशेबात धरण्यासारखीही नाहीत. पन्नास वर्षांनी पुन्हा उल्का पाहायला भेटू, असे ती सहज बोलून जाते आणि त्याप्रमाणे येतेही. पण तोवर हिमेल म्हातारा झालेला असतो आणि लवकरच तो जातो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी तिला रडू कोसळते. या माणसाला आपण जाणूनच घेतले नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात येते. हे सगळे पहिल्या भागातच घडते. 'काहीही न घडणारी' हे विशेषण ज्या मालिकेला लावले गेले, तिच्या पहिल्या भागात अर्धे शतक आणि एक मृत्यू येऊन जातो, याकडे मी त्या पत्रलेखकांचे लक्ष वेधू इच्छिते.

यानंतरचे सारे पर्व हे त्या रडण्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे. मालिका काळ मोजते तोही हिमेलच्या मृत्यूपासून. पडद्यावर अधूनमधून 'वीर हिमेलच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी' अशी ओळ उमटते आणि दर वेळी ती थोडी अधिक जड वाटते. दुसऱ्या भागात हिमेलच्या पुतळ्याभोवती त्याच्या गावाकडचे एक निळे फूल लावावे म्हणून फ्रीरेन ते शोधत राहते. ते फूल नामशेष झाले असे सगळे म्हणत असतात, महिनोन्‌महिने जातात, आणि तिची तरुण शिष्या फेर्न अस्वस्थ होते, कारण फ्रीरेनला जो काळ किरकोळ वाटतो तो फेर्नच्या आयुष्याचा मोठा तुकडा आहे. चौथ्या भागाच्या पूर्वार्धात तर केवळ समुद्रकिनारा साफ करणे आणि वर्षारंभीचा सूर्योदय पाहणे एवढेच आहे. पूर्वी सोबत्यांनी बोलावले असता फ्रीरेन त्या सूर्योदयाला उठलीच नव्हती. या वेळी ती उठते, पाहते, आणि त्यात विशेष काही नाही असे तिला वाटत असतानाच तिची नजर फेर्नच्या चेहऱ्याकडे जाते. या क्षणापूर्वी जी शांतता आहे ती पुढे सरकवली, तर उरतो तो एक सुंदर सूर्योदय. आणि फ्रीरेनला जे वाटले नाही तेच पाहणाऱ्यालाही वाटत नाही. मग 'काही घडले नाही' असे वाटले तर त्यात नवल ते काय?

काळाचा हाच विचार या मालिकेतील लढायांतही आहे, आणि मला तो विशेष आवडतो. तिसऱ्या भागात ऐंशी वर्षे बंदिस्त करून ठेवलेला एक असुर जागा होतो. एके काळी त्याने शोधलेल्या मंत्राने कितीतरी माणसांचा जीव घेतलेला असतो आणि त्यावर कोणाकडेही तोड नसते. पण त्या ऐंशी वर्षांत माणसांनी त्या मंत्राचा इतका अभ्यास केला आहे, त्यावर इतके बचाव शोधले आहेत, की आता तो कोणाही विद्यार्थ्याला येणारा साधा मारक मंत्र झाला आहे. अल्पायुषी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कामाचा एवढा गौरव मी दुसऱ्या कोणत्याही अद्भुतरम्य मालिकेत पाहिलेला नाही. उत्तरार्धातील जादूगारांच्या परीक्षेचे भाग, म्हणजे अठराव्यापासून पुढचे, मला त्या मानाने कमी भावतात. तिथे नवी पात्रे एकदम फार येतात आणि मालिका काही काळ इतर स्पर्धाप्रधान मालिकांसारखी होते. तरीही त्या भागांची हाताळणी निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२६ च्या जानेवारीपासून दुसरे पर्व आले आहे; त्याकडे वळण्याआधी मी पहिले पर्व पुन्हा सावकाश पाहते आहे.

आता वेग या गोष्टीकडे येते, कारण येथे थोडी तांत्रिक माहिती दिल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होणार नाही. जपानी ॲनिमेशनमध्ये प्रत्येक दृश्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रमय आराखडा, तयार होतो, तेव्हाच ते दृश्य किती सेकंद आणि वर किती फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी सुटी चित्रे) चालावे हे त्यात लिहिलेले असते. पुढे चित्रकार मुख्य रेखाटने करतो, तेव्हा सोबत टाइमशीट भरतो. या कागदाचे एक पान सहा सेकंदांचे असते आणि त्यात १४४ ओळी असतात, कारण एका सेकंदाला २४ फ्रेम धरल्या जातात. कोणते चित्र कितव्या फ्रेमला यावे, किती फ्रेम तसेच राहावे, कुठे ओठ हलावेत आणि कुठे केवळ केस हलावेत, हे सारे त्या ओळींत ठरते. जपानमध्ये कलाकारांचे आवाज बहुधा चित्र ठरल्यानंतर त्याच्यावर बसवले जातात, म्हणजे दोन वाक्यांमधली उसंतही आधीच आखलेली असते. एखादे पात्र उत्तर देण्याआधी दोन सेकंद गप्प राहिले, तर ते दोन सेकंद कोणीतरी ४८ फ्रेम मोजून त्याला दिलेले असतात. चित्रीकरण करताना नटाने आपसूक घेतलेला विराम असा इथे काही प्रकारच नसतो. ॲनिमेमध्ये विरामसुद्धा रेखाटावा लागतो. फ्रीरेनचा आवाज देणाऱ्या आत्सुमी तानेझाकी यांचे काम या दृष्टीने ऐकण्यासारखे आहे. 'स्पाय फॅमिली'मधील चिमुरड्या आन्याचा चिवचिवाट त्यांचाच आहे. येथे मात्र त्या आवाज सपाट आणि खालच्या पट्टीत ठेवतात, आणि भावना दाखवायची ती शब्दाआधीच्या किंचित उशिरातून दाखवतात. दीडपट वेगात हा उशीर उरतच नाही.

याला एक इतिहासही आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने दर आठवड्याला अर्ध्या तासाची 'ॲस्ट्रो बॉय' सुरू केली, तेव्हा हाताशी पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी होती. म्हणून एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवणे, चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड हलवणे, जुनी रेखाटने जपून पुन्हा वापरणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवणे अशा युक्त्या त्यांनी केल्या. काटकसरीपोटी आलेली ही स्थिरता पुढच्या पिढ्यांनी अर्थपूर्ण केली. १९९५-९६ च्या 'इव्हँजेलियन'मध्ये चोविसाव्या भागाच्या शेवटी पडदा एका मिनिटाहून अधिक काळ जवळजवळ गोठलेला राहतो, बेथोव्हनची नववी सिंफनी चालू असते, आणि एका मुलाला एक असह्य निर्णय घ्यायचा असतो. त्या काळी स्टुडिओपाशी वेळेची आणि पैशाची चणचण होती, हे खरे आहे. परंतु त्या मिनिटभरात पाहणाऱ्याची जी घालमेल होते ती दिग्दर्शकाला हवी होती, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा ॲनिमेतील स्थिर चित्राला 'आळस' म्हणण्याआधी ते कशासाठी स्थिर ठेवले आहे, एवढे तरी पाहावे.

मी सध्या पाहत असलेली दुसरी मालिका म्हणजे 'विनलँड सागा'चे दुसरे पर्व. माकोतो युकिमुरा यांची ही मांगा २००५ साली साप्ताहिकात सुरू झाली. आठवड्याची गती त्यांना झेपेना, म्हणून त्याच वर्षी ती मासिकात नेली गेली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत चालली. पहिले पर्व २०१९ मध्ये विट स्टुडिओने केले, दुसरे २०२३ मध्ये मापा स्टुडिओने. शुहेई याबुता हे दिग्दर्शक मात्र दोन्ही वेळा कायम राहिले. पहिल्या पर्वातला थोर्फिन हा वडिलांच्या खुनाचा सूड घेण्यासाठी तळमळणारा, दोन खंजीर घेऊन धावणारा मुलगा आहे. दुसऱ्या पर्वात तो डेन्मार्कमधील एका शेतावर गुलाम म्हणून दिसतो, डोळे विझलेले, सूडाचे कारण संपलेले. आता त्याला एनार या दुसऱ्या गुलामाबरोबर जंगल तोडायचे आहे, खोडे उपटायची आहेत, जमीन नांगरायची आहे, गहू पेरायचा आहे. पिकाच्या पैशातून दोघांना स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेता येणार आहे. अनेक चाहत्यांनी या पर्वाला नावे ठेवली, लढाया कुठे गेल्या असे विचारले. मला वाटते, लढाया काढून घेतल्या हेच या मालिकेचे सर्वांत मोठे धाडस आहे. ज्याने बालपणापासून फक्त मारणे शिकले त्याला उगवणे म्हणजे काय हे कळायचे असेल, तर ते एका प्रसंगात किंवा एका भाषणात कळणे खोटे ठरले असते. म्हणून दिग्दर्शक आपल्याला झाड पडायला किती वेळ लागतो ते दाखवतो, मुळे किती खोल असतात ते दाखवतो, घोडा आणि नांगर उसना मिळवण्यासाठी एका खडूस म्हाताऱ्याची किती कामे करावी लागतात तेही दाखवतो. अंकुर दिसतात तेव्हा थोर्फिनच्या चेहऱ्यावर जे उमटते ते त्या आधीच्या भागांतील घामाने कमावलेले असते. पुढे हाच थोर्फिन एका भेटीसाठी शंभर ठोसे निमूट सोसतो आणि आपल्याला कोणीही शत्रू नाही असे म्हणतो. या वाक्याचा फार गाजावाजा झाला आहे. पण ज्याने शेतावरचे भाग दीडपट वेगाने उरकले आहेत त्याला ते केवळ एक सुविचार वाटेल, अशी मला भीती आहे.

पर्वाला माझ्या मते एक दोष आहे. राजा क्नूटचे राजकारण जिथे शेताच्या कथेत मिसळते, तिथे राजाच्या मनातले द्वंद्व सांगण्यासाठी मृत वडिलांच्या छिन्न मस्तकाशी होणाऱ्या संवादाचा वापर वारंवार होतो, आणि ती योजना लवकर थकते. अर्नहाइड या दासीची कथा मात्र मी सहजासहजी विसरणार नाही. तिच्याविषयी अधिक लिहून ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा विरस करणे योग्य नव्हे.

तिसरी मालिका 'द अपॉथेकरी डायरीज'. नात्सू ह्यूगा यांची ही कथा आधी इंटरनेटवर कादंबरी म्हणून आली, आणि मालिकेची दोन पर्वे, प्रत्येकी चोवीस भागांची, २०२३ आणि २०२५ मध्ये सुरू झाली. चीनच्या जुन्या दरबाराच्या धर्तीवर कल्पिलेल्या एका राज्यात माओमाओ ही औषधी जाणणारी मुलगी पळवली जाते आणि अंतःपुरात दासी म्हणून विकली जाते. बादशहाची अर्भके का दगावत आहेत हे ती पहिल्याच भागात ओळखते: दोष शापाचा नसून चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीतील शिशाचा असतो. या मालिकेविषयी 'प्रत्येक भागात एक कोडे, एक उत्तर' असे म्हटले जाते, आणि भरभर पाहणाऱ्याला ती तशीच वाटणार. पण पहिल्या पर्वात गोदामातील पिठाच्या धुळीचा स्फोट, खाण्यातून झालेली विषबाधा, मिठाने गेलेला एक मद्यपी अधिकारी, धातूचे काम करणाऱ्या एका कारागिराचा वारसा अशा सुट्या दिसणाऱ्या घटना एकामागून एक येतात, प्रत्येक आपल्यापुरती सुटते, आणि एकोणिसाव्या भागात त्या सर्वांखालचे एकच सूत्र दिसते. हे सूत्र लेखिकेने लपवलेले नसते. ते आपल्यासमोरच असते, आणि मधल्या आठवड्यांत ते मनात मुरावे अशी त्याची मांडणी असते. माओमाओचा स्वभाव मला फार आवडतो. विष पाहिले की तिचे डोळे चमकतात, पण सत्य कळले तरी ते कोणाला आणि किती सांगावे याचे तिला भान असते. राजवाड्यात दासीचे बोलणे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, हे ती कधी विसरत नाही. जिन्शी या देखण्या अधिकाऱ्याभोवतीचा विनोद मात्र पुनरावृत्त होतो आणि दुसऱ्या पर्वात तो कमी असता तर बरे झाले असते.

चौथी 'मुशिशी', जी २००५ ची आहे आणि जिला नवी म्हणता येणार नाही. पण चांगली मालिका कधीही पाहायला घेतली तरी ती आपल्यापुरती चालूच असते. गिंको हा भटका वैद्य गावोगाव फिरतो, 'मुशी' नावाच्या अर्धदृश्य जीवांमुळे माणसांना जडलेले विकार पाहतो, कधी बरे करतो, कधी बरे करता येत नाहीत. एका भागाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी त्या भागासाठीच रचलेले वेगळे संगीत आहे. ही मालिका सलग पाहू नये. एक भाग पाहावा आणि दिवस संपवावा.

संथपणाचे समर्थन करताना मी प्रत्येक लांबलेल्या मालिकेची बाजू घेते आहे, असा समज होऊ नये. पाणी घालून वाढवलेल्या मालिका आहेत, आणि त्यांचे कारण कलेत नसून व्यवस्थेत आहे. मांगा चालू असताना तिच्यावरची मालिका दर आठवड्याला, वर्षभर, खंड न पडता दाखवायची ठरली, की मालिका मूळ कथेला गाठते. मग दोनच उपाय उरतात. 'नारुतो'ने पहिला उपाय केला: २२० भागांच्या पहिल्या मालिकेचा शेवटचा मोठा हिस्सा, सुमारे ऐंशी भाग, मांगामध्ये नसलेल्या प्रसंगांनी भरला. 'वन पीस'ने दुसरा केला: १९९९ च्या ऑक्टोबरपासून चाललेल्या आणि अकराशेचा टप्पा ओलांडलेल्या या मालिकेत कित्येक वर्षे एका भागाला जेमतेम एक प्रकरण पुरवून वापरले गेले, त्यामुळे मागील भागाची उजळणी, थक्क झालेल्या चेहऱ्यांची रांग, तोच फटका तीन कोनांतून, असे प्रकार झाले. 'वन पीस'वर माझे प्रेम आहे, तरीही हे मला लिहिले पाहिजे. २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भागच करायचे असे निर्मात्यांनी ठरवले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले; हे दहा वर्षांपूर्वी व्हायला हवे होते.

मग अर्थपूर्ण संथपणा आणि भरताड यांतला फरक ओळखायचा कसा? मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हा थांबा संपल्यावर पात्र किंवा मी, दोघांपैकी कोणी बदलले आहे का? फ्रीरेनच्या सूर्योदयानंतर उत्तर होकारार्थी येते, थोर्फिनच्या नांगरणीनंतरही येते. तोच फटका तिसऱ्यांदा पाहिल्यावर येत नाही. या कसोटीला न बसणारे एक उदाहरण मात्र मला अजून छळते. २००९ साली क्योतो ॲनिमेशनने 'सुझुमिया हारुही'मध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचे तेच दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडतात अशी कथा आठ भाग चालवली, आणि प्रत्येक भाग नव्याने रेखाटला, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले, पात्रांचे कपडे बदलले, कॅमेऱ्याच्या जागा बदलल्या. आठ आठवडे प्रेक्षक तीच गोष्ट पाहत राहिले आणि संतापले. अडकून पडण्याचा अनुभव देण्यासाठी केलेला तो प्रयोग होता हे मला समजते, त्यामागचे अमाप कष्टही दिसतात. तरी तो फसला असे माझे मत आहे, कारण कंटाळा दाखवण्यासाठी कंटाळा आणणे हा फार सोपा मार्ग झाला. चार भागांत ते साधले असते. परंतु हे मत मी देऊ शकते ते आठही भाग त्यांच्या वेगाने पाहिल्यामुळे. सरकवत पाहिले असते तर त्या भागांतले बदलही दिसले नसते आणि त्यांचा जाचही जाणवला नसता.

शीर्षकगीते गाळण्याविषयी थोडेसे. ती साधारण दीड मिनिटांची असतात आणि बऱ्याचदा त्यांच्यासाठी वेगळे दिग्दर्शक आणि नामवंत ॲनिमेटर नेमलेले असतात. प्रत्येक वेळी ऐकावीच असा माझा आग्रह नाही. पण शेवटच्या गाण्याबरोबर ज्यांची नावे सरकतात त्यांच्यात मुख्य रेखाटनांच्या मधली रेखाटने करणारी तरुण मुले असतात, ज्यांना बहुधा एका चित्रामागे ठरलेली तुटपुंजी रक्कम मिळते. बहुतेक मालिकांचे हक्क प्रकाशक, वाहिन्या, संगीत कंपन्या यांच्या निर्मिती समितीकडे असतात आणि मालिका गाजली तरी स्टुडिओला सहसा ठरलेलेच पैसे मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक कार्यगटाने २०२४ मध्ये जपानवरील अहवालात या क्षेत्रातील कमी वेतन आणि दीर्घ कामाच्या तासांचा उल्लेख केला. एखाद्या भागातील चित्रे डगमगली की त्या भागाच्या चित्रकाराला शिव्या देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी म्हणूनच मला संताप येतो. दोष दाखवावा, पण वेळापत्रक कोणी आखले हेही विचारावे.

आठवड्याला एक भाग ही पद्धत जुनाट झाली, असेही त्या पत्रात म्हटले होते. या बाबतीत अलीकडचाच अनुभव बोलका आहे. 'जोजो'च्या 'स्टोन ओशन' या पर्वाचे पहिले बारा भाग १ डिसेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सने एकदम आणले आणि पुढचे भाग सप्टेंबर २०२२ मध्ये आले. पहिल्या काही दिवसांत सर्वांचे पाहून झाले आणि त्यानंतर नऊ महिने बोलण्यासारखे काही उरले नाही. ज्या मालिकेच्या आधीच्या पर्वांवर आठवडाभर तर्क चालत, तिचे हे झालेले पाहून अनेक चाहते हळहळले. याउलट २०२४ मध्ये त्याच नेटफ्लिक्सवर ट्रिगर स्टुडिओची 'डिलिशस इन डंजन' आठवड्याला एक या क्रमाने चोवीस भाग चालली. भुयारातील राक्षस मारून त्यांचे जेवण करायचे, ही र्योको कुई यांची कल्पना आरंभी निव्वळ गमतीची वाटते. नायकाच्या बहिणीला ड्रॅगनच्या पोटातून सोडवण्याचे हे काम किती गंभीर आहे, खाणे आणि खाल्ले जाणे यांविषयी लेखिकेला काय म्हणायचे आहे, हे बाराव्या भागाच्या आसपास उलगडू लागते. प्रेक्षकांच्या मनात मालिकेविषयीचे मत महिन्यामहिन्याने पालटत गेले. मत पालटण्यासाठी त्यांना सवड मिळाली होती, आणि ती सवड मालिकेच्या प्रसारणातच होती.

'फ्रीरेन'च्या निर्मात्यांनीही प्रसारणाचा असाच विचार केला होता. २९ सप्टेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी रात्री जिथे चित्रपट दाखवले जातात त्या वेळेत, त्यांनी पहिले चार भाग सलग दोन तास दाखवले आणि मग आठवड्याची गती धरली. हिमेलच्या मृत्यूपासून सूर्योदयापर्यंतचा पट एका दमात दिसला नाही तर पहिला आठवडा संपताच प्रेक्षक पाठ फिरवतील, हे त्यांनी ओळखले असावे, असे मला वाटते. घाई कुठे करायची आणि कुठे नाही, हे ज्यांनी इतके नेमके ठरवले त्यांच्या मालिकेला आपल्या हातातल्या बटणाने पुन्हा घाई लावणे मला उचित वाटत नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. यापुढे वाचकांची मते छापताना प्रत्येक पत्राखाली दोन गोष्टींची नोंद असावी: पत्रलेखकाने मालिकेचे किती भाग पाहिले, आणि ते मूळ वेगाने पाहिले की नाही. गुण द्यायचेच असतील तर ते पर्व संपल्यावर द्यावेत, चालू मालिकेविषयी केवळ शब्दांत लिहावे. माझ्यापुरते सांगायचे तर 'फ्रीरेन', 'विनलँड सागा' आणि 'द अपॉथेकरी डायरीज' यांविषयी वर जे लिहिले आहे ते पाहिलेल्या पर्वांचा प्रत्येक भाग मूळ वेगाने पाहून लिहिले आहे. 'मुशिशी'चे मात्र निम्मेच भाग झाले आहेत, म्हणून तिच्याविषयीचे माझे मत तूर्त अपुरे समजावे. ज्या पत्रलेखकांना मी हे उत्तर देते आहे त्यांनी 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग पुन्हा एकदा वेग न वाढवता पाहावेत आणि तरीही ती आवडली नाही तर का नाही, हे सविस्तर लिहावे. ते पत्र मी अगत्याने वाचेन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक